आमचुराचा भाव वाढला तर कोणाचं घर भरेल?

(तालुका शिबिरात जानेवारी १९९७ मध्ये केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गावबैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



मागच्या बैठकीत एका आजीने विचारलं होतं, "रेडिओवर सांगतात, बाजार खुला झाला, आता आपला माल परदेशात जाईल. मग माझ्या आमचुराला जास्त पैसे भेटतील का?" तेव्हा आमच्यापैकी कोणालाच धड उत्तर देता आलं नाही. एक जण म्हणाला, डंकेल म्हणजे लूट. दुसरा म्हणाला, भाव वाढेल. आजी म्हणाली, "बारावी शिकले, पण तुम्हालाही माहीत नाही."

आजीचं म्हणणं खरं होतं. म्हणून आम्ही चार-पाच पोरं दोन महिने हाटात फिरलो, मापं बघितली, म्हाताऱ्या माणसांना विचारलं, खाली वाचनालयात बसून जुनी पुस्तकं वाचली. जे समजलं ते सांगतो. चुकलं तर इथेच उठून सांगा.

उत्तर आधी सांगून टाकतो. व्यापार वाढला की कोणाचं तरी भलं होतंच. पण पाणी जसं उताराकडे जातं तसा व्यापाराचा पैसा जातो. ज्याच्या हातात जमीन, उधारी, तराजू आणि भावाची खबर आहे, उतार त्याच्या बाजूला असतो. या चार गोष्टी आपल्या हातात नाहीत तोवर वरून कितीही पाऊस पडला तरी आपलं शेत कोरडंच.

आजीच्या आमचुराचा हिशेब

आता हिशेब करू. आकडे आम्ही मनाने धरले आहेत, समजायला सोपे जावे म्हणून. रीत मात्र सगळी खरी आहे, ती तुम्ही आमच्याहून जास्त जाणता.

धरा, आजीने उन्हाळ्यात कैऱ्या पाडल्या, सोलल्या, चिरल्या, खडकावर वाळवल्या. २० किलो आमचूर झालं. खालच्या मोठ्या बाजारात आमचूर २० रुपये किलो आहे. म्हणजे माल ४०० रुपयांचा. पोतं, गाडीभाडं, हमाली मिळून ४ रुपये किलो खर्च धरला तर ८० रुपये गेले. उरले ३२०. आजीच्या हातात किती येतात?

होळीच्या आधी घरात दाणा नव्हता तेव्हा आजीने शेठजीकडून १०० रुपये उचलले. बोली अशी, की आमचूर त्यालाच द्यायचं, ८ रुपये किलोने. व्याज सवाई, म्हणजे १०० चे १२५. हाटात माप झालं तेव्हा २० किलोचं १८ किलो भरलं. १८ किलोचे १४४ रुपये. त्यातून १२५ गेले. आजीच्या हातात १९ रुपये.

आता समजा, परदेशात मागणी आली आणि खालच्या बाजारात भाव ३० रुपये झाला. २० किलोला २०० रुपये जास्त आले. आजीला त्यातलं किती? काहीच नाही. तिचा भाव होळीलाच ठरून गेला. तेच १९ रुपये. पुढच्या वर्षी खालचा भाव १२ वर आला तर मात्र शेठजी होळीच्या आधीच सांगेल, "यंदा मंदी आहे, ५ रुपयाने देशील तर उधारी देतो." म्हणजे भाव चढतो तेव्हा खालीच राहतो, आणि पडतो तेव्हा डोंगर चढून आपल्या झोपडीत येतो.

यात जागतिक व्यापाराने आजीचं काही बिघडवलं नाही, काही सुधारलंही नाही. बिघाड हाटात आहे. घेणारा एकच, उधारी देणारा तोच, माप त्याचं, भाव त्यालाच माहीत. ज्याला चार दुकानं फिरून माल विकता येतो त्याच्यासाठी तो बाजार. आपल्यासाठी ते एक दार आहे, आणि त्याची कडी बाहेरून आहे.

मोहाचं तर याहून वाईट. मोहफुलं आपण वेचतो, पण साठवायची म्हटली तर दारूबंदी कायद्याचं बंधन. म्हणून पडतात तेव्हाच, सगळे एकदम विकतात तेव्हाच विकावी लागतात. पावसाळ्यात तीच फुलं खायला विकत आणावी लागतात, ती वाढीव भावाने. माल आपला, झाड आपल्या शेताच्या बांधावर, आणि साठवायचा हक्क नाही. साठवायचा हक्क नसेल तर भाव वाढायची वाट कशी बघणार?

एका काकांनी इथे हरकत घेतली, ती लिहून ठेवतो, कारण ती खरी आहे. ते म्हणाले, "रात्री पोरगं तापाने फणफणलं तेव्हा शेठनेच पैसे दिले. बँक रात्री दार उघडते का?" नाही उघडत. दिवसासुद्धा आपल्याला उघडत नाही, कारण बँक सातबारा मागते आणि नेवाडाला सातबारा नाही. म्हणून नुसत्या शिव्या देऊन सावकार जात नाही. तो ज्या गरजेवर उभा आहे ती गरज दुसऱ्या कोणी भागवली पाहिजे. त्यावर पुढे बोलू.

हे आजचं नाही

आपल्याला वाटतं परदेशी व्यापार आता आला. खानदेशात तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. तेव्हा काय झालं ते ऐका.

१८६१ मध्ये अमेरिकेत आपसात लढाई पेटली. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग इंग्रजांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळवलं. मुंबईत कापसाचा भाव कितीतरी पटीने चढला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. तापीकाठची काळी जमीन, कापसाला भाव आणि दारात रेल्वे. खानदेशात पैसा आला हे खोटं नाही.

पण त्याच्या आधी इंग्रजांनी दुसरी एक गोष्ट करून ठेवली होती. जमिनीची मोजणी करून ती एकेकाच्या नावावर लावली, म्हणजे ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. पूर्वी जमिनीला भाव नव्हता, म्हणून सावकाराला जमीन नको होती, त्याला दाणा पाहिजे होता. कापसाचा भाव चढला आणि जमिनीला भाव आला. मग सावकार हसत हसत उधारी देऊ लागला, कारण तारण पक्कं होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या रोख्याची मुदत ३ वर्षांची केली. कायदा म्हणे कुळाच्या भल्यासाठी. झालं असं की सावकार दर ३ वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, व्याज मुद्दलात घालायचा आणि खाली अंगठा. कागदात काय लिहिलंय ते अंगठेवाल्याला कळत नव्हतं, कोर्टाला मात्र तेवढंच दिसत होतं.

१८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळला. कर्ज मात्र चढलेल्या भावाच्या हिशेबाने काढलेलं. सावकारांनी हात आखडला, कोर्टाचे हुकूम निघाले, जमिनी गेल्या. १८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी सुप्यापासून उठाव केला आणि सावकारांचे रोखे जाळले. तेव्हा सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना थोडं संरक्षण देणारा कायदा केला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांनाच लावला. खानदेश बाहेर. ज्यांनी आवाज केला त्यांच्याकडे आधी बघितलं गेलं, हेही यातून शिकण्यासारखं आहे.

आपल्या भिल्ल माणसांचं काय झालं? ज्याला कागद माहीत नाही, कोर्ट माहीत नाही, त्याची जमीन सगळ्यात सोपी. सपाटीवरची जमीन हातातून गेली आणि आपण त्याच जमिनीवर सालदार झालो. आखाजीला बोली करायची, वर्षभर राबायचं, आणि पुढच्या आखाजीला उचल फिटली नाही म्हणून परत तिथेच.

दुसरी गोष्ट रोशा गवताची. आपल्या पश्चिम खानदेशच्या डोंगरात रोशा उगवतो, त्याला तिखाडीही म्हणतात. त्याचं तेल काढून मुंबईला जायचं, तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानापर्यंत. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. म्हणजे आपल्या डोंगरातलं गवत शंभर वर्षांपूर्वी तुर्कांच्या अत्तरात होतं! परदेशी व्यापाराने माणसाचं घर भरत असतं तर रोशा कापणाऱ्याचं घर आज कौलारू दिसलं असतं. गवत कापणाऱ्याला कापायची मजुरी, बाकी सगळं भट्टीवाल्याच्या पुढे.

ऊस, केळी आणि आपले हात

१९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीला गोळीबार झाला ते इथल्या डाया माणसांना सांगायला नको. त्याच्या पाठोपाठ अंबरसिंग महाराजांसोबत लोक उठले, भूमुक्तीची मागणी झाली, श्रमिक संघटना उभी राहिली. आम्ही तेव्हा जन्मलेलोही नव्हतो किंवा आईच्या पाठीवर होतो. तो झगडा जमिनीचा होता, पण तो तेव्हाच का पेटला? कारण विहिरींवर पंप आले होते, ऊस आला होता, जमीन सोन्याची झाली होती. परत तेच. जमिनीला भाव आला की ज्याचा कागद कच्चा त्याची जमीन जाते.

त्या झगड्यातून १९७४ चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळायची वाट त्याने काढली, आणि त्यानंतर सरकारच्या परवानगीशिवाय अशी जमीन घेताच येणार नाही असं बंधन घातलं. हा कायदा व्यापाराच्या आड येतो, आदिवासीला कर्ज मिळत नाही, असं काही शिकलेले लोक बोलतात. आम्ही त्यांना विचारतो, १८६५ नंतर जमीन विकायची मोकळीक होती, तेव्हा कोणाचं भलं झालं?

ज्यांची जमीन गेली किंवा पुरत नाही, ते दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. तीही उधारीच, फक्त आमचुराऐवजी आपले हात बांधलेले. साखरेचा भाव वाढला म्हणून कोयत्याचा दर हंगामाच्या मध्ये कधी वाढलेला तुम्ही ऐकला? इकडे यावल-रावेरची केळी रेल्वेच्या डब्यांतून दिल्लीपर्यंत जाते. केळीच्या बागेत पाणी भरणारा पावरा पोरगा केळीचा भाव रोज ऐकतो, पण त्याची मजुरी त्या भावाला बांधलेली नाही.

आपलीही चूक सांगितली पाहिजे

इथपर्यंत शेठ, सावकार, इंग्रज, सरकार यांच्यावर बोललो. आता चारोळीवर बोलू, तिथे आपला हात आहे.

आमच्या आजोबांच्या वेळी चारोळी मिठाच्या मापाने जायची. एक पायली मीठ, एक पायली चारोळी. आता व्यापारी रोख देतात, भाव चांगला चढला. मग झाडं वाढायला पाहिजे होती ना? उलट झालं. फळ पिकायच्या पंधरा दिवस आधीच आपण तोडायला जातो. कच्ची चारोळी हलकी असते, भाव कमी मिळतो, तरी जातो. का? कारण आपण थांबलो तर शेजारच्या पाड्याचे तोडतील. त्यांनाही तीच भीती. मग फांदीच तोडून आणतात, घाईत. पुढच्या वर्षी त्या झाडाला फळ कुठून येणार? सफेद मुसळीचं तसंच. बी पडायच्या आत उपटली. सालईच्या डिंकासाठी झाडाला इतक्या खाचा पाडल्या की झाड वाळलं.

आपण मूर्ख आहोत म्हणून असं झालं नाही. बांधावरचा मोह कोणी तोडतो का? नाही, कारण तो कोणाचा आहे ते गावाला माहीत आहे. जंगल आपलं होतं तेव्हा जंगलालाही नियम होते, कोणत्या सणाआधी कोणतं फळ खायचं नाही हे ठरलेलं होतं. १८७८ च्या जंगल कायद्याने जंगल सरकारचं झालं. सरकारचं म्हणजे नाकेदाराची पाठ फिरली की कोणाचंच नाही. आणि जी वस्तू कोणाचीच नाही तिला भाव आला, की ती वस्तू संपते. भाव जितका मोठा तितकी लवकर. म्हणून व्यापार खुला झाला आणि जंगल असंच बेवारस राहिलं, तर आपल्या पोरांच्या पोरांना चारोळीचं झाड चित्रातच दिसेल.

एका पाड्याने गेल्या वर्षी ठरवलं होतं, अमुक दिवसाआधी चारोळी तोडायची नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पाळलं. मग एका घराने रात्री जाऊन तोडली. बैठकीत विचारलं तेव्हा घरची बाई रडली. शेठची उधारी होती, त्याने निरोप पाठवला होता, माल आणा नाहीतर बकऱ्या नेतो. दुसऱ्या दिवशी सगळाच पाडा जंगलात गेला. दंड कोणाला करायचा? यावरून आम्हाला कळलं की नियम आणि उधारी वेगळ्या नाहीत. एक गाठ सोडली आणि दुसरी तशीच ठेवली तर दोरी सुटत नाही.

सरकारी खरेदीचंही असंच. १९७६ मध्ये कायदा करून सरकारने आदिवासी भागात एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याला बाहेर ठेवून ठरलेल्या भावाने माल घ्यायचा, हा विचार चांगला होता. दोन वर्षांनी खावटी कर्जही आलं, तेही बरोबर होतं, कारण उपाशी माणूसच होळीला आमचूर विकून बसतो. पण आमच्या भागात एका वर्षी खरेदी केंद्र उघडलं तेव्हा निम्मा माल हाटात जाऊन चुकला होता. उरलेला नेला तर बारदान नाही म्हणून परत. ज्यांचा घेतला त्यांना पैशासाठी चार खेपा. व्यापाऱ्याने भाव कमी दिला, पण हातावर दिला. म्हणजे एका घेणाऱ्याच्या जागी दुसरा एकच घेणारा बसवला, एवढ्याने काम होत नाही. माप, वेळ आणि रोकड यांच्यावर गावाची नजर पाहिजे.

आता काय समोर आलं आहे

दोन गोष्टी समोर आल्या आहेत. एक, १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि आपला देश तिच्यात आहे. माल आत येणार, माल बाहेर जाणार. अमेरिकेचं सरकार आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांना पैसे देतं, त्यांचा कापूस स्वस्त पडतो. त्याच बाजारात आपला कोरडवाहू कापूस उभा राहणार. हे आपल्या हातात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातात येऊ शकते. गेल्या महिन्यात, २४ डिसेंबर १९९६ ला, अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा नवा केंद्रीय कायदा झाला. त्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला काय देणार ते नीट ऐका. गौण वनोपजाची मालकी. जमीन परक्या हातात जाण्यापासून रोखणं आणि गेलेली परत मिळवणं. गावातल्या बाजाराची व्यवस्था. सावकारीवर ताबा. आपण आता ज्या गाठी मोजल्या त्या सगळ्या एकाच कायद्यात एका ओळीत आहेत! राज्याने एका वर्षाच्या आत आपले कायदे त्याप्रमाणे करायचे आहेत. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, आणि शहादा, नंदुरबार, शिरपूर, साक्री, तसंच जळगावकडे चोपडा, यावल, रावेर यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. आपलं गाव यादीत आहे की नाही ते प्रत्येकाने तहसीलात जाऊन बघायचं. जी गावं यादीत नाहीत त्यांना मागे सोडायचं नाही, त्यांची मागणी आपल्यासोबतच मांडायची.

पण कागदावर मालकी आली म्हणजे झालं असं समजू नका. १८६५ च्या माणसाकडेही कागद होता.

मोह पडायला दोन महिने आहेत. त्याआधी प्रत्येक पाड्याने पाच कामं करायची असं शिबिरात ठरलं आहे.

१. धान्याची कोठी. प्रत्येक घराने एक पायली ज्वारी किंवा मका टाकायचा. होळीआधी ज्याच्या घरी दाणा नाही त्याने नेायचा, पीक आल्यावर थोडा वाढवून परत द्यायचा. वाढ किती ते गावाने ठरवावं. हिशेब आणि किल्ली बायांकडे. रात्रीच्या दुखण्यासाठी पाच-दहा रुपयांची वर्गणी वेगळी.

२. गावाचा तराजू. शिक्का मारलेली वजनं घ्यायची. हाटात जायच्या आधी माल गावात मोजायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा.

३. भावाची पाटी. शाळा शिकलेल्या एका पोराने दर आठवड्याला खालच्या बाजाराचा भाव विचारून शाळेच्या भिंतीवर लिहायचा. दोन-तीन पाड्यांचा माल एकत्र करून एक गाडी भरली तर शेठला डोंगरावर यायची गरज नाही, आपणच खाली जाऊ.

४. चारोळीचा दिवस. लागून असलेल्या पाड्यांनी एकत्र बसून एकच दिवस ठरवायचा. एका पाड्याने ठरवून भागत नाही. आणि ज्या घरावर उधारी आहे त्या घराचा आधी विचार करायचा, मग दंडाचा.

५. जमिनीचे दावे. १९७८ पूर्वीच्या नेवाडांचे पुरावे, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, जे असेल ते गोळा करून ठेवायचं. ज्यांची जमीन १९७४ च्या कायद्यात बसते त्यांनी संघटनेकडे यायचं.

शिबिराच्या शेवटी त्या आजीला आम्ही परत विचारलं, समजलं का? ती म्हणाली, "समजलं. भाव वाढू दे की नको, माझं आमचूर होळीला विकायचं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "पण होळीला माझ्या घरात दाणा नसतो."

तेव्हा कोठीचं काम पहिलं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने आपल्या कोठीत किती पायली जमली ते सांगायचं आहे. नुसत्या घोषणा घेऊन कोणी येऊ नका.

जिंदाबाद!